डावीकडे लाल

१

जेवणं झाली, भांडी पालथी पडली आणि सासूबाई वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडव्या झाल्या, की घारीच्या कामाची वेळ होई. हात पुसत ती मागच्या खोलीत जाई, खिडकीचा पडदा ओढून घेई आणि चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसे. चष्म्याची एक काच लाल, दुसरी निळी.

घाऱ्या डोळ्यांमुळे माहेरी पडलेलं नाव तिच्या मागोमाग सासरीही आलं होतं. लग्नाला चार महिने झाले होते. नवरा थ्रीडी फोटो काढत असे, आणि तेही खोल्यांचे. चाळीस खोल्यांचं एक पुस्तक निघायचं होतं, त्यातल्या एकोणचाळीस लग्नाआधीच झाल्या होत्या. शेवटच्या पानाच्या खिशात पुठ्ठ्याचा चष्मा. तो लावला की कागदावरची खोली आत आत उघडत जाणार, हात घालून खुर्ची ओढावी इतकी.

गंमत अशी, की ज्याने हे सगळं उघडलं त्यालाच ते दिसत नसे. नवऱ्याचा उजवा डोळा लहानपणापासून आळशी. डॉक्टर म्हणाले होते, डोळा आंधळा नाही, मेंदू त्याचं ऐकत नाही एवढंच. घरात एखाद्याचं म्हणणं सगळ्यांच्या कानावर पडतं आणि कुणीच मनावर घेत नाही, तसं. एका डोळ्याला खोली कळत नाही. त्यामुळे सगळं जग त्याला सपाट. पहिल्या भेटीत तो तिला म्हणाला होता, "तुम्ही मला अगदी चित्रासारख्या दिसता." ती लाजली होती. लग्नानंतर कळलं, तो नुसती माहिती देत होता.

म्हणून त्याला दोन चांगले डोळे असलेलं माणूस लागे. घारीने पुढच्या पुस्तकासाठी काढलेला नवा फोटो बघायचा आणि जवळून लांब जात एकेक वस्तू सांगायची. तो खाकी पाकिटावर पेन्सिलीने लिहून घेई.

"खुर्ची. टेबल. कपाट. भिंत."

"टेबल खुर्चीच्या किती मागे?"

"हातभर. नाही, थांबा. हाताला थोडं कमी."

"कमी म्हणजे किती गं? नीट बघून सांग."

त्या तासात तो तिचा शब्दन् शब्द झेलत असे. एरवी गॅस संपत आला आहे हेसुद्धा तीनदा सांगावं लागे. चोवीस तासांतला तो एक तास घारीचा होता, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला तिला खपला नसता.

पण हात लागलेला होताच. कपाटातल्या जुन्या पाकिटांवरही तसंच लिहिलेलं होतं, खुर्ची, टेबल, भिंत. अक्षर मात्र त्याचं नव्हतं. बारीक, डावीकडे कललेलं, बाईचं होतं.

२

"ती आधीची," सासूबाई म्हणाल्या. "कामाला होती. तीन वर्षं. तुझ्याच खुर्चीत बसायची."

"कशी होती?"

"बोलायची कमी. तुझ्यासारखीच. पण तू मनातल्या मनात बोलतेस, ते कळतं मला. तिचं तेही कळायचं नाही."

घारीला हसू आलं, पण पुरतं नाही. "मग सोडलं का काम?"

"सोडलं असं नाही. एक दिवस दुपारी मी चहा घेऊन गेले, तर खुर्ची रिकामी. चष्मा टेबलावर. हा आपला लेन्स पुसत बसलेला. म्हणाला, आत्ता तर इथे होती." सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. "चपला महिनाभर दाराशी पडून होत्या. शेवटी मीच देऊन टाकल्या कुणाला तरी. चपला विसरून जाणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली."

त्या दुपारी घारीने आधीचीचा चष्मा कपाटातून काढला. लाकडी चौकटीचा, खऱ्या काचांचा. नवऱ्याने स्वतः बनवून दिलेला. नाकाशी लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं. तिने लावून पाहिला, तर कानशिलांना घट्ट बसला. आधीचीचं डोकं लहान होतं, याचं घारीला किती बरं वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं.

मग लक्षात आलं, आपल्या चष्म्याची लाल काच डावीकडे, याची उजवीकडे आहे.

३

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा नवऱ्याने तो स्पीकरवर टाकला.

"अहो, चष्मे छापायला टाकायचेत. लाल कुठल्या डोळ्याला? एकदा काय ते ठरवा आणि चाळीसच्या चाळीस फोटो तसे द्या. नाहीतर आमचे वाचक खोलीत शिरायच्या ऐवजी भिंतीवर आपटतील."

नवऱ्याने फोन जवळ ओढला. मग म्हणाला, "या पुस्तकातलं माझं सगळं काम उजवीकडे लाल असंच आहे."

"बाजारात तयार मिळतात ते सगळे डावीकडे लालवाले. तुमचंच उलटं का?"

"तसं ठरलं होतं."

फोन ठेवल्यावर घारीने विचारलं, "कुणी ठरवलं होतं?"

"मला काय, दोन्ही सारखंच. तिला डाव्या डोळ्यावर लाल सोसायचा नाही. डोकं धरायचं."

म्हणजे तीन वर्षांचं काम एका बाईच्या डोकेदुखीच्या सोयीने मांडलेलं होतं. लग्नानंतर घारीने स्वयंपाकघरातले दोन डबे इकडचे तिकडे ठेवले होते, तर आठवडाभर चर्चा झाली होती.

"डावीकडे लाल घ्या," ती म्हणाली. "तयार चष्मे स्वस्त पडतील. पुस्तक वाचणाऱ्याच्या घरी आधीचा एखादा चष्मा असेल, तर तोही चालेल. तुमचे फोटो फक्त तुमच्याच चष्म्यातून दिसणार असतील तर दुसऱ्या पुस्तकाला कोण विचारणार?"

सगळी कारणं खरी होती. म्हणूनच ती कामाला आली.

"जुन्या सगळ्यांचे रंग उलटवावे लागतील," तो म्हणाला.

"मी उलटवते. मला येतं आता. डाव्या डोळ्याचा फोटो लालमध्ये, उजव्याचा निळ्यामध्ये. एका बटणाचं तर काम."

तो लाकडी चष्मा हातात फिरवत राहिला. "तिला आवडलं नसतं," असं काहीतरी पुटपुटला, आणि मग म्हणाला, "बरं. डावीकडे लाल."

घारी जिंकली होती. जिंकल्यावर मुकाट्याने चहा टाकायला जावं, एवढं शहाणपण तिच्यात होतं.

४

उलटवण्यापूर्वी एकदा सगळे फोटो आहेत तसे बघून घ्यावेत, म्हणून तिने लाकडी चष्मा लावला आणि पाकिटं पुढ्यात घेतली. पहिली तीस सरळ निघाली. आधीचीने लिहिलं होतं तसंच दिसत होतं. बाई कामात चोख होती. हेही घारीला आवडलं नाही.

एकतिसाव्या पाकिटावर लिहिलं होतं: *खुर्ची, टेबल, भिंत, मी.*

तिने पुन्हा वाचलं. जवळून लांब असा क्रम होता, आणि शेवटी, भिंतीच्याही मागे, मी.

फोटो कुठल्याशा घरातल्या बैठकीचा होता. भिंतीला बारीक पानांचा कागद. माणूस कुठेच नव्हतं. तिने चष्म्यातून नीट पाहिलं. खुर्ची पुढे आली, टेबल मागे राहिलं, भिंत आणखी मागे. आणि भिंतीत, खिडकीच्या डाव्या बाजूला, एक खळगा होता.

माणूस उठून गेल्यावर गादीत काही वेळ खळगा राहतो, तसा. उभा. डोकं, खांदे, खाली निमुळता होत गेलेला.

तिने चष्मा काढला. भिंत सपाट, प्रत्येक पान जागच्या जागी. पुन्हा लावून एक डोळा मिटला, काही नाही. दुसरा मिटला, तरी काही नाही. दोन्ही उघडले की खळगा. दोन्ही फोटोंमध्ये वेगवेगळं काहीच नव्हतं. दोन डोळे एकत्र आले की तेवढीच जागा मागे सरकत होती.

कागद भिंतीपासून सुटला असेल, तिने स्वतःला समजावलं. ओल असेल. ओलीला खांदे नसतात, हे तिला सुचलं, पण तिने ते लांबवलं.

बत्तिसाव्या फोटोत वेगळं घर, वेगळी भिंत. तिथेही खळगा, आणि पाकिटावर शेवटी *मी*. मग तेहेतीस. एकोणचाळीसपर्यंत तेच.

"अहो, ही मी म्हणजे कोण?" तिने पाकीट नवऱ्यापुढे धरलं.

"अक्षर तिचंच आहे. बसली असेल कुठेतरी कोपऱ्यात."

"फोटोत कुणीही नाही. भिंतीच्या मागे लिहिलंय तिने स्वतःला."

"मला विचारून काय उपयोग? मला भिंत आणि खुर्ची एकाच कागदावर दिसतात." तो हसला. पण पाकीट त्याने लगेच परत दिलं नाही. त्या एका अक्षरावरून त्याने अंगठा फिरवला, हळूच, पेन्सिल पुसली जाऊ नये इतक्या बेताने.

रात्री झोपताना घारीच्या मनात खळगा नव्हता. तो अंगठा होता.

५

"चाळिसावी खोली आपली घ्या," तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. "हीच, मागची. आणि मी बसते खुर्चीत."

"प्रकाशकांना माणूस नकोय."

"एकाच फोटोत. शेवटच्या."

"हट्ट का करतेयस?"

का ते तिला नेमकं माहीत होतं. नऊ खोल्यांमध्ये एक बाई भिंतीत होती. एका खोलीत तरी बायको पुढे दिसायला हवी होती, सगळ्यात पुढे, हातभर अंतरावर. पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी ती दिसावी. नवऱ्याला दिसणार नसली तरी.

"हौस म्हणा," ती म्हणाली.

सासूबाई दारातून डोकावल्या. "केस तरी नीट कर. जन्मभर तश्शीच राहशील पुस्तकात."

मागच्या खोलीच्या भिंतीलाही कागद होता. जुना, बदामी रंगाचा, बारीक पानांचा. खुर्ची भिंतीपासून चार पावलं पुढे ठेवली. नवऱ्याकडे कॅमेरा एकच, तो एका पट्टीवर बसवलेला. आधी डाव्या डोळ्यासाठी फोटो, मग कॅमेरा अडीच इंच उजवीकडे सरकवून उजव्या डोळ्यासाठी. मधल्या चार सेकंदांत काहीही हलता कामा नये.

"श्वास धर."

खट्. पट्टीवरून कॅमेरा सरकल्याचा सर्रर्र.

त्या चार सेकंदांत घारीच्या पाठीमागे आवाज झाला. कोरड्या कागदाचा. भिंतीला बराच वेळ टेकून उभं राहिलेलं माणूस सरळ होताना होतो तसा. तिला मागे वळायचं होतं. पण वळलं तर फोटो बिघडला असता, आणि हा फोटो तिला हवा होता.

खट्.

"हललीस का?"

"नाही."

"मग उत्तम."

तिने उठून भिंतीला हात लावला. दुपारचं ऊन सरकलं की खळ वाळते, कागद तडतडतो. असं होतं. सगळ्या घरांत होतं. भिंतीचा तेवढाच भाग थोडा गार लागला, पण तिचे हातच तापले असतील.

६

दोन दिवसांनी नवरा सकाळीच प्रकाशकांकडे गेला आणि घारीने काम उरकून टाकलं. चाळीस फाइली निवडल्या, लाल आणि निळ्याची अदलाबदल केली, बटण दाबलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. लाकडी चष्मा कपाटाच्या अगदी वरच्या खणात टाकला. पुठ्ठ्याचा नवा आणला होता, डावीकडे लाल, तो पुसून ठेवला.

दुपारी नेहमीसारखी दोघं बसली. पडदा ओढलेला, सासूबाईंचं घोरणं भिंतीपलीकडून येत होतं. त्याने पेन्सिलीला टोक केलं.

"चाळिसावा लाव. आधी तुझाच बघू."

तिने चष्मा लावला, फोटो उघडला आणि बोलायला तोंड उघडलं. मग चष्मा नाकावर सारखा केला.

"हं. खुर्ची?" तो म्हणाला.

"भिंत," घारी म्हणाली.

"भिंत पहिली?"

"भिंत... पुढे आहे. खुर्ची मागे. खूप मागे." खुर्चीत जिथे ती बसली होती, तिथे तिच्या आकाराचा खोल खड्डा होता. चेहरा तिचाच, पण साच्याच्या आतल्या बाजूने पाहावा तसा आत गेलेला. भिंतीच्या पानांना जणू भोक पाडून ती पलीकडे ठेवली होती.

नवरा क्षणभर गोंधळला आणि मग मांडीवर थाप मारून हसला. "अगं, तूही उलटवलेस का?"

"तूही म्हणजे?"

"मी पहाटे उठून एकोणचाळीस उलटवून ठेवले होते. तुझं काम वाचावं म्हणून. चाळिसावा तर मुळातच डावीकडे लाल बनवला होता. तू परत सगळे उलटवलेस. म्हणजे फोटो तिच्या पद्धतीचे आणि चष्मा तुझ्या. मग जवळचं लांब आणि लांबचं जवळ दिसणारच." तो अजून हसत होता. "मला कळलंच नसतं. दोघंही एकमेकांचं काम वाचवायला गेलो, बघ."

लग्नानंतर त्याने न सांगता तिच्यासाठी केलेलं हे पहिलं काम होतं. एरवी घारी विरघळली असती.

पण ती स्क्रीनकडेच बघत होती. तिने सगळं सांगितलं नव्हतं. भिंत पहिली नव्हती. लांबचं जवळ आलं होतं, तर भिंतीच्या मागे जे होतं ते सगळ्यात पुढे आलं होतं.

स्क्रीनच्या बाहेर, टेबलाच्या कडेवर, तिच्यात आणि कीबोर्डमध्ये, पानांचा एक उंचवटा उभा होता. डोकं, खांदे. चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी नुसती बदामी बारीक पानं. मान किंचित कललेली. आपलं बोलणं कुणीतरी मन लावून ऐकत असलं की कलते तशी. आणि ती घारीकडे कललेली नव्हती. शेजारच्या, नवऱ्याच्या खुर्चीकडे होती.

हा फोटो परवाचा होता. आधीची या घरातून नाहीशी होऊन वर्ष उलटलं होतं.

"काय गं, गप्प का? आणखी काही आहे पुढे?"

सांगितलं असतं तर त्याने लिहून घेतलं असतं. किती पुढे, हातभर की वीतभर, नीट बघून सांग. या तासात, या खुर्चीतून, घारीच्या तोंडून त्याला तिची खबर मिळाली असती.

"काही नाही," घारी म्हणाली.

७

"इकडे दे, रंग कुठे गेलेत ते तरी बघू," असं म्हणून त्याने तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून स्वतःला लावला. एरवीही तो तसा लावत असे, एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, नुसते रंग तपासायला.

या वेळी त्याने डोळा मिटला नाही.

आधी त्याचं हसू थांबलं. मग त्याने डोकं थोडं डावीकडे नेलं, थोडं उजवीकडे. पहिल्यांदा थ्रीडी बघणारे सगळेच करतात तसं. घारीने माहेरच्या कितीतरी जणांना हौसेने हे फोटो दाखवले होते, तिला ते ओळखता येत होतं. आता हात पुढे येईल, ती मनात म्हणाली. सगळ्यांचा येतो.

त्याचा हात पुढे आला.

"अगं," तो म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "अगं, हे असं असतं?"

"काय असतं?"

"हे... पुढे असणं."

बोटं टेबलाच्या कडेवर हवेत थांबली. काहीच नसलेल्या जागी, पण बरोबर त्याच जागी. मग ती वळली, गालावरून कानामागे केस सारावेत तशी. चार महिन्यांत घारीकडे त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. पाहूच शकत नव्हता, असं ती स्वतःला सांगत आली होती. डोळाच आळशी, त्याला काय बोलायचं.

आता तो डोळा पाहत होता. आणि तिला पाहत नव्हता.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. स्क्रीन बंद करावा, चष्मा ओढून फेकावा, सासूबाईंना हाक मारावी, हे सगळं सुचलं. पण त्यातलं काहीही केलं तरी त्याने आयुष्यात पहिल्यांदा डोळे भरून पाहिलेली बाई तीच राहिली असती.

घारी उठली आणि मध्ये शिरली.

टेबलाच्या कडेला पाठ लावून ती नेमकी त्या जागी उभी राहिली, त्याच्या हातासमोर. स्क्रीन तिच्या पाठीआड गेला. "इकडे बघा," ती म्हणाली. "मी आहे. इथे."

लाल आणि निळ्या काचेमागचे दोन्ही डोळे तिच्यावर स्थिर झाले. दोन्ही. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यासाठी ती चार महिने थांबली होती. हात हळूच जवळ आला, गालावर ठेवायला, आणि बोटभर अंतरावर अडला. तिथेच टेकला. त्याची बोटं किंचित पसरली, तळहात दबला, चामडीला चामडी लागल्यावर दबतो तसा. घारीने गाल पुढे केला. अंतर तेवढंच राहिलं. आणखी पुढे केला. तेवढंच.

पलीकडच्या खोलीत घोरणं थांबलं होतं.

"गाल किती गार पडलाय गं तुझा," नवरा मायेने म्हणाला.